पासाशिवाय आलेल्या मुंग्या

ढमढेरे अण्णांच्या घरी जायचं तर उंबऱ्याबाहेर नुसत्या चपला काढून भागत नसे. काढलेल्या चपला हातात घ्यायच्या, एकमेकींवर तीनदा आपटायच्या आणि उलट्या करून अण्णांपुढे धरायच्या. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून टाचेच्या भेगेत डोकावत, पट्ट्याखाली बोट फिरवत आणि समाधान झालं तर म्हणत, "हं, पास. या आत." छत्री असली तर ती उघडून झटकायची. भाजीची पिशवी असली तर ती बाहेर. एकदा माझ्या बायकोने, नलूने, त्यांना गरम पुरणपोळ्या नेऊन दिल्या, तर अण्णांनी ताटावरचं झाकण काढून एकेक पोळी उलटून पाहिली. नलू कित्येक दिवस धुमसत होती. "माझ्या पोळीखाली काय बॉम्ब लपवला होता?"

अण्णांना बॉम्बची भीती नव्हती. मुंग्यांची होती. त्याही सगळ्या नव्हे, एका जातीच्या.

ही चिंचवडची गोष्ट, सत्तरच्या दशकाच्या अखेरची. कंपनीच्या कॉलनीत बैठे क्वार्टर, दोन खोल्या आणि मागे हातभर अंगण. मी टूलरूममध्ये ड्राफ्ट्समन होतो आणि अण्णा माझे शेजारी, भिंतीला भिंत. ढमढेरे हे नाव ऐकून डोळ्यांपुढे चांगला ऐसपैस माणूस येतो. प्रत्यक्षात अण्णा म्हणजे खुंटीला टांगलेला शर्ट. स्टोअरला क्लार्क होते आणि गेटपास फाडणं हे त्यांचं काम. कंपनीतून टाचणी बाहेर जायची झाली तरी अण्णांची सही लागे. माल परत येणार असेल तर पास रिटर्नेबल, येणार नसेल तर नॉन-रिटर्नेबल. सोळा वर्षं हेच करून जगातल्या सगळ्या वस्तू आणि माणसं त्यांच्या लेखी या दोनच रकान्यांत बसली होती. कुणी सुट्टीला गावी निघालं की विचारत, "रिटर्नेबल ना? तारीख सांगा." कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की म्हणत, "नॉन-रिटर्नेबल. रडून घ्या पोटभर." साहेबांचा मुलगा अमेरिकेला शिकायला गेला तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. अण्णांनी पेढा खाल्ला आणि माझ्या कानात म्हणाले, "कागदावर रिटर्नेबल आहे. पण माल येत नाही, लिहून ठेवा."

सुमनकाकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, या सगळ्याला हसत. मूलबाळ नव्हतं. गुडघे धरलेले होते. तरी रोज सकाळी सातला कंपनीचा भोंगा झाला, की त्या चिमूटभर पीठसाखर घेऊन मागच्या अंगणात तुळशीपाशी जात आणि कुंडीच्या तळाशी ती भुरभुरवत. तोंडाने म्हणत, "या गं बायांनो, भोंगा झाला!" आणि खरोखरच कुंडीच्या चिरेतून बारीक काळ्या मुंग्यांची रांग बाहेर यायची. अण्णा दाढी करता करता खिडकीतून म्हणत, "सगळ्या फर्स्ट शिफ्टच्या दिसतात!"

काकूंना खाली बसवेना, तेव्हा अण्णांनी त्यांच्यासाठी एक बुटका बाक करायचं ठरवलं. आता लाकडाचं सांगायला हवं. आमच्या कंपनीत परदेशातून मोठी मशिनं येत, ती मजबूत लाकडी खोक्यांतून. मशिन उतरलं की खोक्याच्या फळ्या कामगारांना मिळत, अर्थात अण्णांचा पास असेल तर. त्यामुळे कॉलनीत एकही घर असं नव्हतं जिथे खोक्याचं काही नाही. कुणाचा देव्हारा, कुणाची मांडणी, कुणाचा पाट. आमच्या मांडणीच्या पाठीवर काचेच्या पेल्याचं चित्र होतं आणि समोरच्यांचे गणपती कित्येक वर्षं 'ही बाजू वर' सांगणाऱ्या बाणावर बसले होते. बाण मात्र खाली तोंड करून होता. अण्णांनी सगळ्यांना फळ्या दिल्या, स्वतः कधी घेतल्या नाहीत. "ज्याच्या हातात पासबुक, त्याने स्वतःच्या नावाने पास फाडू नये." काकूंच्या गुडघ्यांसाठी त्यांनी हा नेम एकदा मोडला. बाक ठोकताना फळीचं दुसरं टोक मीच धरलं होतं.

काकू त्या बाकावर एक उन्हाळा बसल्या. पुढच्या पावसाळ्यात मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेल्या. अण्णा चौदाव्या दिवशी कामावर आले आणि पहिल्याच तासाला एका ड्रायव्हरला पान्याचा पास नाही म्हणून परत पाठवलं. लोक म्हणाले, माणूस दगडाचा आहे. मीही तेच म्हणालो असेन.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी त्यांनी मला कुंपणाशी थांबवलं.

"कुलकर्णी, तुम्ही पाल शेवटची कधी पाहिलीत?"

मला वाटलं, एकटेपणाने डोकं फिरलं. म्हटलं, "अण्णा, पाल काय नोंद करून ठेवायची वस्तू आहे?"

"तरी आठवा."

मी घरी येऊन आठवायला लागलो आणि आठवेना. दिव्यापाशी नेमाने येणाऱ्या दोन पाली होत्या, नलू त्यांना नणंदा म्हणे. त्या कधीपासून नव्हत्या? मोरीतली झुरळं गेली होती, त्याचं नलूला कौतुक होतं. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं, पण त्यात कोळी नव्हता, माशीही नव्हती. मग एक गोष्ट लक्षात आली आणि ती लक्षात आल्यावर मला स्वस्थ बसवेना. तिन्हीसांजेला कॉलनीच्या गवतात रातकिड्यांची एवढी किरकिर असायची की रेडिओ मोठा करावा लागे. त्या संध्याकाळी मी रेडिओ बंद केला. बाहेर काहीच नव्हतं. एखाद्या घरात माणसं असून कुणी बोलू नये, तशी शांतता होती.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला त्या मुंग्या दाखवल्या. बारीक, पिवळट, लांब पायांच्या. मुंग्या रांगेत चालतात, या चालतच नव्हत्या. वेड लागल्यासारख्या सैरावैरा धावायच्या, पण नीट पाहिलं की कळे, सगळं वेड एकाच दिशेला निघालं आहे. चावत नव्हत्या. अंगातून काहीतरी आंबूस उडवायच्या, त्याचा वास बोटाला दिवसभर राही. "कंपनीत आल्या त्या पासाशिवाय आल्या," अण्णा म्हणाले, "आणि आता पासाशिवाय सगळीकडे चालल्या आहेत."

आमच्या जास्वंदीत बुलबुलाचं घरटं होतं. दोन पिल्लं होती. एका भरदुपारी मी सहज डोकावलो, तर पिल्लांच्या जागी पिसं होती आणि ती हलत होती. वारा अजिबात नव्हता.

मी हे नलूला सांगितलं नाही. ती तेव्हा बाळंतपणातून नुकती उठली होती.

अण्णांनी मात्र कामच काढलं. मी ड्राफ्ट्समन, म्हणून मला कॉलनीचा नकाशा काढायला बसवलं. त्यावर ते तांबड्या पेन्सिलीने ठिपके देत. ज्या घरी या मुंग्या, तिथे ठिपका. त्यासाठी घरोघर जाऊन विचारत, "तुमच्याकडे काळ्या मुंग्या येतात का हो अजून? कृपा करून येऊ द्या त्यांना." बायका दार लावून घेत. पण नकाशा भरत गेला तसं मला दिसलं, की ठिपके पडले ती घरं एका विशिष्ट खेपेच्या खोक्यांतल्या फळ्या मिळालेली. मग त्यांच्या शेजारची. मग त्यांच्या शेजारची. मी विचारलं, "पहिला ठिपका कुणाचा, अण्णा?" ते पेन्सिलीला टोक करत बसले. म्हणाले, "बघतो."

त्याच खेपेच्या फळ्या प्रेस शॉपमधल्या बबनने मोशीला आपल्या घरी नेल्या होत्या. एका रविवारी अण्णांनी मला सायकलवर तिकडे नेलं. बबन घरी नव्हता. त्याची आई ओट्यावर बसली होती, पाय वर घेऊन. सकाळचे अकरा वाजले असतील. आवारात कोंबडी नव्हती, कुत्रं नव्हतं. भिंतीवर ऊन थरथरत होतं, असं मला वाटलं. मग दिसलं की ते ऊन नव्हतं.

अण्णांनी विचारलं, "मावशी, या कधीपासून?"

"त्या फळ्या आनल्या तवापासनं. पोरानं गोठ्याला ठोकल्या. आदी गोठ्यात हुत्या, मग घरात आल्या."

"कोंबड्या?"

"डालग्याखाली पिल्लं झाकली हुती सात. दुपारच्याला उचललं तर..." म्हातारीने हात उताणा केला. "कोंबडी त्या दिवसापास्नं छपरावरनं खाली उतरंना."

"आणि नदीकडे बेडूक ओरडतात का?"

म्हातारी जरा वेळ ऐकल्यासारखी थांबली. "न्हाई बा. आवंदा न्हाई. आमी म्हनलं, देवीचा कोप हाय. देवीचा न्हाई व्हय?"

"नाही," अण्णा म्हणाले. "माझा."

मला वाटलं, बोलण्याच्या ओघात म्हणाले. परत येताना भोसरीच्या चढावर मी त्यांची चेष्टाही केली. म्हटलं, "अण्णा, देवीच्या जागी बसायला निदान साडी तरी नेसा." ते हसले नाहीत. सायकलवरून उतरून चालत राहिले.

आल्यावर त्यांनी ऑइलचा एक रिकामा ड्रम आडवा अर्धा कापून आणला, रीतसर पास फाडून, नॉन-रिटर्नेबल. तो अंगणात ठेवून पाण्याने भरला, मधोमध विटांचा चौथरा रचला आणि काकूंची तुळस कुंडीसकट त्यावर ठेवली. तुळशीभोवती चारही बाजूंनी पाणी. आत कुंडीत काकूंच्या काळ्या मुंग्या. कॉलनीत हा थट्टेचा विषय झाला. कुणी म्हणालं, ढमढेऱ्यांनी जंजिरा बांधला. मी म्हणालो, आता तोफा तेवढ्या राहिल्या. अण्णा रोज सात वाजता लांब दांड्याच्या पळीने पाण्यापलीकडे पीठसाखर ठेवत. गप्प ठेवत. काकूंसारखी हाक मारत नसत. पळी धरलेला हात मात्र अजिबात हलत नसे.

माझी थट्टा एका दुपारी संपली. नलू ओरडली म्हणून आत धावलो. मुलगी पाळण्यात झोपली होती, पाळणा छताच्या कडीला दोरीने टांगलेला. त्या दोरीवरून त्या खाली येत होत्या. चार-दोन मुलीच्या पापण्यांपाशी पोचल्या होत्या, डोळ्यांच्या कडेची ओल शोधत. नलूने तिला उचललं, पदराने तोंड पुसलं. मी नुसता उभा. अण्णा कधी आत आले कळलं नाही, त्या दिवशी स्वतःच्याच चपला त्यांनी आपटल्या नाहीत. फडक्याचा बोळा रॉकेलमध्ये बुडवून त्यांनी दोरीला वर, कडीजवळ, घट्ट बांधला. मग स्टुलावरून उतरून मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिला काही झालं असतं तर मी कुठे गेलो असतो?" तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. नलूने त्या दिवसापासून पुरणपोळीचा राग सोडला.

पुढच्या मे महिन्यात कॉलनीचा पंप जळाला. दिवसाआड एक टँकर येऊ लागला, घरटी चार बादल्या. नलू मुलीला घेऊन माहेरी गेली. मी माझ्या बादल्या जपून वापरत होतो. अण्णांच्या चारही बादल्या त्या ड्रमात जात. उन्हाने पाणी बघता बघता उतरायचं आणि ड्रमाच्या काठावर त्या येऊन थांबायच्या. एरवी क्षणभर एका जागी न ठरणाऱ्या त्या मुंग्या तिथे, पाण्याच्या कडेला, हजारोंनी स्तब्ध असत. पिवळं कडं घातल्यासारखा ड्रमाचा काठ दिसे. अण्णा समोर बाकावर बसलेले. कोण कुणाची वाट पाहतंय, समजत नसे.

चौथ्या दिवशी अण्णा स्टोअरमध्ये चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, या माणसाच्या पोटात दोन दिवस पाणी नाही. प्यायचा माठसुद्धा त्यांनी ड्रमात ओतला होता. सलाइन लावून त्यांना इस्पितळात ठेवलं. सकाळी कामावर जाताना मी भेटायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाकाच्या फळीत मी त्यांना पाहिलं होतं, कुलकर्णी."

"कुणाला?"

"चार-पाच होत्या. खाचेत फिरत होत्या. साहेबांचा डबा उघडून बघणारा माणूस मी. मला दिसल्या. पण पासावर काय, फळ्या, नग सहा. मुंग्यांचा रकानाच नव्हता. आणि हिचे गुडघे दुखत होते. मला घाई होती. म्हटलं, जाऊ दे. त्या खेपेचा तो पहिला पास. तिथे थांबवलं असतं तर पुढचा एकही पास मी फाडला नसता. तुमच्या मांडणीचा नाही, बबनचा नाही."

मी काहीतरी बोललो, की जगात मुंग्या कुठूनही येतात. ते त्यांनी ऐकलं नाही.

"जाताना हिने काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, माझ्या बायांना उपाशी ठेवू नका. आपल्या दारी रोज न चुकता येणारं तेवढंच तर आहे." मग म्हणाले, "मी पीठ ठेवतो. पण 'या गं' काही तोंडातून निघत नाही हो. तरी येतात बिचाऱ्या. तुम्ही बारा वाजता दोन बादल्या घाला. उन्हाच्या आत. विसरू नका."

मी हो म्हणालो. माझ्या घरात दोन बादल्या भरलेल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत सायकलने दहा मिनिटांचं काम. पण त्या दिवशी ड्रॉइंग अर्जंट होतं, ऊन मी म्हणत होतं, आणि खरं सांगायचं तर मनात आलं, मुंग्याच तर आहेत, पाचला गेल्यावर घालू. अण्णांनी फळीकडे बघून म्हटलं तेच मी म्हटलं. जाऊ दे.

साडेपाचला मी अंगणात गेलो तेव्हा ड्रमाच्या काठावरचं कडं नव्हतं. तळाला बोटभर चिखल होता. त्यावर मेलेल्या पिवळ्या मुंग्यांचा साकव झाला होता आणि त्यावरून बाकीच्या पलीकडे गेल्या होत्या. तुळशीचं खोड खालपासून पिवळं दिसत होतं, आणि हलत होतं. वर, शेंड्याच्या मंजिऱ्यांवर, काळ्या मुंग्या दाटीने चढल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडात पांढरं बारीक अंडं होतं. पुढे जागा नव्हती. मी दोन्ही बादल्या ओतल्या, केरसुणीने झाडलं, रॉकेल आणलं, आंबूस वासाने डोळे चुरचुरायला लागले. सकाळी पाहिलं तर मंजिऱ्या नुसत्या मंजिऱ्या होत्या. मला इतकी लाज आजवर कशाची वाटलेली नाही.

दोन दिवसांनी अण्णा घरी आले. मी सांगायला गेलो. उंबऱ्याबाहेर सवयीने चपला काढल्या, उचलल्या, आपटू लागलो.

"राहू द्या, कुलकर्णी," ते आतून म्हणाले. "आता कशाला."

म्हणजे त्यांनी तुळस पाहिली होती. मी म्हटलं, "अण्णा, मला उशीर झाला." त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. मला बसायला पाट दिला आणि पंप कधी दुरुस्त होणार ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी सातचा भोंगा झाला. मी खिडकीत दात घासत होतो. अण्णा मागच्या दाराने बाहेर आले, हातात पीठसाखरेची वाटी. पळी नव्हती. काकूंच्या बाकावर बसले. ड्रम कोरडा होता, तुळस तशीच मध्ये. बराच वेळ ते कुंडीच्या चिरेकडे बघत राहिले. चिरेतून त्या बाहेर आल्या. पिवळ्या, लांब पायांच्या. विटांवरून, ड्रमावरून, बाकाच्या पायावरून धावत अण्णांच्या अनवाणी पावलांपर्यंत आल्या. मला वाटलं, आता उठतील, रॉकेल आणतील.

त्यांनी पाय काढून घेतले नाहीत. वाटीतून चिमूट उचलली, वाकून पावलांपाशी भुरभुरवली. मग इकडेतिकडे पाहून, कुणी ऐकत नाही असं समजून, हलक्या आवाजात म्हणाले, "या गं बायांनो, भोंगा झाला."